रॅप तुमचं, पण लहानपण कोणाचं?

इन्स्टावर सध्या एका टाईपचं रॅप जोरात चालू आहे. मागं जुन्या कार्टूनची ट्यून स्लो करून लावलेली, तिच्यावर जाडजूड बीट, अन् वर पोट्टा सांगतोय की बघा आमचं लहानपण कसं भारी होतं, व्हिडिओ गेमची कॅसेट फुंकून लावायचो, चिप्सच्या पाकिटातले टाझो, बेब्लेड, हॉट व्हील्सच्या गाड्या, केबलवरचं कार्टून, अन् खाली ढीगभर कमेंटी की भाऊ रडवलंस. रडा ना, रडण्याला माझी काही हरकत नाही. पण हा रॅप करणारा पोट्टा जेव्हा आमच्या विदर्भातल्या दारव्हा, आर्णी, मोर्शी, मूल असल्या तालुक्यातल्या खेड्यातला असतो आणि तरी अख्ख्या गाण्यात त्याच्या गावचं एकही खेळणं सापडत नाही, तेव्हा मला प्रश्न पडतो की हा कोणाची आठवण सांगून राह्यला? हॉट व्हील्सची गाडी याच्या गावात कोणी पाहिली होती? आमच्याकडे चाक म्हणजे सायकलची जुनी रिंग नाहीतर फाटका टायर, अन् हातात काडी.

आधीच सांगून ठेवतो, कार्टून परदेशी आहे म्हणून आपलं नाही असली लाईन मी घेणार नाही. ती लाईन घेणारे लोक वेगळे आहेत, त्यांना रॅपही नको असतं अन् जीन्सही. मोगली आमचा होता, 1997ला शक्तिमान सुरू झालं तेव्हा तोही आमचा झाला, रविवारी दुपारी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीत अर्धं गाव, एक जण कवेलूवर चढून अँटिनाचा बांबू फिरवतोय, खालून ओरडा चाललाय, 'आला का बे?' 'नाई, मुंग्याच दिसून राह्यल्या!' अन् चित्र एकदाचं लागलं की नेमकी लाईन जायची. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत आमच्यापैकी बहुतेकांनी एपिसोड कधी पूर्ण पाहिलेच नाहीत. अर्धा पाहिला, उरलेला सोमवारी शाळेत तालुक्याहून येणाऱ्या मास्तराच्या पोरानं सांगितला, अन् त्यानं त्यात स्वतःचं मीठ-मसाला घातला. म्हणजे आमचं कार्टून निम्मं पाहिलेलं अन् निम्मं ऐकलेलं. मला विचाराल तर रॅपसाठी याच्याइतका भारी माल दुसरा नाही, मुंग्यांचा खरखराट, बांबूवरचा आवाज, लाईन गेल्यावरचा सामूहिक 'हाऽऽत', अन् मग दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला शेवट. पण आपला पोट्टा काय करतो, यूट्यूबवरून एचडी ट्यून उचलतो, एकदम साफ, जशी ती त्यानं कधीच ऐकली नव्हती.

आता हिप-हॉपमध्ये, म्हणजे रॅप ज्यातून आलं त्यात, खेळणी अन् कार्टून कुठून आले ते जरा बघू, कारण इथंच सगळा घोळ आहे. लोकांना वाटतं की पोरं मोठी झाली, लहानपण आठवलं, म्हणून गाण्यात कार्टून घातलं. गोष्ट तशी नाही. 11 ऑगस्ट 1973ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सेजविक अव्हेन्यूच्या एका बिल्डिंगमध्ये जी पार्टी झाली अन् जिला हिप-हॉपचा जन्म म्हणतात, ती सिंडी कॅम्पबेल नावाच्या पोरीनं ठेवली होती, शाळा सुरू होणार म्हणून नवे कपडे घ्यायला पैसे पाहिजे होते, अन् तिचा भाऊ कूल हर्क गाणी वाजवायला होता. शाळेच्या कपड्यासाठी पैसे! हे वाचून आपल्याकडच्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही, जून महिना आठवला की झालं. मग रोलँड कंपनीचं 808 नावाचं ताल वाजवणारं मशीन घ्या. 1980 ते 1983 एवढीच वर्षं ते बनलं, खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही, खेळण्यासारखं वाजतं म्हणून धंद्यात पडलं, अन् पडलं म्हणूनच सेकंडहँडमध्ये स्वस्तात पोरांच्या हाती लागलं. आज वरातीतला डीजे वाजतो तेव्हा टिनाचे पत्रे ज्या बेसनं थरथरतात तो त्याच फेल गेलेल्या मशीनच्या खानदानातला बेस आहे. कॅसिओनं 1980च्या दशकात एक छोटा कीबोर्ड काढला होता, एसके-1, घरच्या पोरांसाठीच, त्यात माईक होता, त्यात कुत्र्याचं भुंकणं रेकॉर्ड करून सारेगम वाजवता यायचा. खेळणंच ते, पण सॅम्पलिंग, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज उचलून त्याचं गाणं करणं, काय असतं हे महागड्या स्टुडिओबाहेरच्या पोरांना त्यानं कळवलं.

म्हणजे खेळणं आलं ते स्वस्त होतं म्हणून, हाताशी होतं म्हणून. आठवणीचा गहिवर नंतरचा.

कार्टूनचंही तसंच. अमेरिकेत 1973ला टीव्हीवर स्कूलहाऊस रॉक नावाचे छोटे छोटे कार्टून सुरू झाले, पाढे, व्याकरण असलं गाण्यातून शिकवणारे. त्यातलं तीनच्या पाढ्याचं गाणं 1989ला डी ला सोल या तिघांच्या ग्रुपनं आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतलं. तीन जण, तीनचा पाढा! लहानपणी टीव्हीनं जे पाठ करून घेतलं होतं ते उलटवून त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. आपल्याकडे त्याच काळातली, म्हणजे 1974ची, फिल्म्स डिव्हिजनची 'एक अनेक और एकता' ही कार्टून फिल्म आहे, विजया मुळ्यांनी केलेली, वसंत देसाईंचं संगीत, दूरदर्शननं ती इतक्या वेळा दाखवली की आमच्या मोठ्या भावाबहिणींना ती आजही तोंडपाठ आहे. पक्षी एक होतात अन् जाळ्यासकट उडून जातात. मला कोणी सांगावं, कापसाच्या भावासाठी रास्ता रोकोला जाऊन आलेल्या गावात ही गोष्ट रॅपमध्ये किती जबरी बसेल, पक्षी एक झाले, जाळं घेऊन उडाले, अन् उतरले तर पुढं दुसरं जाळं. असं काही कोणी केलं तर मी पहिला शेअर करीन. पण नुसती ट्यून लावून 'वो भी क्या दिन थे' म्हणणार असाल तर ते व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमध्ये चांगलं होतं.

आता मुखवट्याची गोष्ट, कारण माझ्या मते कार्टून अन् रॅपचं खरं नातं तिथं आहे. एमएफ डूम नावाचा रॅपर होता, खरं नाव डॅनियल डुमिले, 2020ला गेला. तरुणपणी त्याचा केएमडी नावाचा ग्रुप होता, त्यात त्याचा धाकटा भाऊ. 1993ला भाऊ गाडीखाली येऊन गेला, अन् पुढच्या वर्षी कंपनीनं त्यांचा तयार अल्बम रद्द केला. का, तर कव्हरवरच्या चित्रामुळं. काळ्या लोकांची टिंगल करणारं एक जुनं व्यंगचित्री पात्र तिकडं असायचं, साम्बो, मोठे ओठ, बटबटीत डोळे, पिढ्यान् पिढ्या लहान पोरांच्या पुस्तकात अन् जाहिरातीत घातलेलं, ते पात्र या पोरांनी कव्हरवर फाशी देताना काढलं होतं. बघा म्हणजे, लहानपणीच्या कार्टूनची आठवण अशीही असते! काही वर्षांनी हाच माणूस परत आला तो तोंडावर लोखंडी मुखवटा लावून, मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूम या खलनायकावरून घेतलेला, अन् 1999च्या अल्बममध्ये जुन्या कार्टूनमधले त्या खलनायकाचे डायलॉग मध्येमध्ये पेरलेले. हिरो नाही निवडला त्यानं. ज्याला सगळ्यांनी बाहेर काढलं त्यानं व्हिलनचं तोंड लावलं अन् मग तो जे बोलला ते लोकांनी ऐकलं. 2005ला तर त्यानं कार्टून दाखवणाऱ्या चॅनेलसोबतच अख्खा अल्बम केला, म्हणजे त्याला कार्टूनचं वावडं नव्हतंच, पण त्याला ठाऊक होतं कार्टून कोणाला काय करतं.

आम्हाला ठाऊक आहे का? आमच्या बोलीचं टीव्हीवर काय झालं ते आठवा. डब केलेली कार्टून हिंदीत, ते सोडा, पण मराठी सिरियलीत, सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस कधी येतो? नोकर असला, बावळट असला, नाहीतर मध्येच येऊन हसवून जाणारा असला तर. 'काऊन बे' म्हटलं की पुण्या-मुंबईतलं थिएटर हसतं. आमच्या पोरांनी हे पाहतच लहानपण काढलं, अन् म्हणून रॅप करायला उभा राहिला की पोट्टा घरी 'मले, तुले' बोलतो तरी माईकवर 'अपुन' होतो. मुंबईच्या गल्लीची भाषा. तिथल्या रॅपरांनी त्यांची भाषा लाज न बाळगता माईकवर आणली म्हणून तर ते मोठे झाले, अन् आपण त्यांच्यापासून नेमकी भाषाच उचलली, लाज न बाळगणं उचललं नाही.

बरं, व्हिलनचा मुखवटा आमच्याकडे नाही असं कोण म्हणतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, काळी मारबत अन् पिवळी मारबत, 125 वर्षांहून जास्त जुनी परंपरा आहे, अन् सोबत बडगे, म्हणजे मोठमोठे पुतळे, त्यांच्यावर त्या त्या वर्षीच्या तक्रारी, महागाई, भ्रष्टाचार, कुठला तरी पुढारी. खेड्यातही मारबत असते, छोटी, पहाटे पोरं ती गावाबाहेर नेतात अन् ओरडतात, 'इडा पिडा, खासी खोकला, ढेकूण मोंगसे घेऊन जा गे मारबऽऽत!' एक जण म्हणतो, बाकीचे झेलतात. वर्षभराची सगळी घाण एका पुतळ्याच्या नावानं गावाबाहेर काढायची, अन् हे काम लहान पोरांचं. डूमच्या मुखवट्याला सात समुद्रापलीकडून सलाम करणाऱ्या अमरावती-यवतमाळच्या रॅपरला आपल्या गावची मारबत दिसू नये याचं मला खरंच नवल वाटतं.

त्याच दिवशी तान्हा पोळा. बाहेरच्यांसाठी सांगतो, मोठ्या पोळ्याला खरे बैल, दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी नंदी. चाकं लावलेला, गळ्यात घुंगरू, शिंगाला बेगड, अन् पोरगं दोरीनं तो ओढत घरोघर जातं अन् बोजारा मिळवतं, कोणी पाच-दहा रुपये देतं, कोणी खाऊ. आता हा नंदी जरा जवळून बघा. सागवानाचा कोरलेला, पिढ्यांचा, वर झूल, अन् ओढायला दोन जण लागतात असा नंदी कोणाचा? ज्याच्या घरी वाडा त्याचा. मधल्या घरातल्या पोराचा बाजारातून आणलेला, रंग उडालेला, एक चाक तिरपं, म्हणून खडखड करत चालणारा. अन् ज्याला तोही परवडत नाही त्याचा मातीचा, पाटावर ठेवून पाटालाच दोरी. पोरांना यातलं सगळं कळायचं. कोणाच्या नंदीला कोण हसलं हे वर्षभर लक्षात राहायचं. माझी गाडी, माझी चेन, माझे शूज अशी बढाई रॅपमध्ये असते अन् सुशिक्षित लोकं तिला नाकं मुरडतात, पण ज्यानं तान्हा पोळा पाहिला त्याला ती बढाई काय आहे ते समजतं, ती तिरप्या चाकाच्या नंदीवाल्या पोराची बढाई आहे. अन् तो खडखड आवाज! तिरप्या चाकाचा, सिमेंट रोडवरचा वेगळा, पांदणीतल्या मातीतला वेगळा. आमच्याकडच्या एका पोट्ट्यानं तो मोबाईलवर रेकॉर्ड करून बँडलॅब नावाच्या फुकट ॲपमध्ये कापला, एक खड घेतला, त्याला हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजेच्या, जागी बसवलं, घुंगराचा आवाज खालच्या पट्टीत नेला तर तो घंटेसारखा वाजायला लागला, अन् बेससाठी त्यानं कापसानं भरलेल्या पोत्यावर बुक्की मारली. धप्प. नेटवर तयार मिळणाऱ्या टाईप बीटमध्ये हा धप्प कुठून आणणार? त्याच्या आईनं खिडकीतून पाहिलं अन् विचारलं, 'कापूस कायले बडवून राह्यला बे, ओला हाये का?'

यात्रेत आणखी एक गाडी मिळायची, आता कमी झाली. मातीच्या वाटीवर कागद ताणून चिकटवलेला, खाली दोन चाकं, अन् दोरीनं ओढली की चाकाच्या आसाला बसवलेल्या काड्या कागदावर आपटतात, टरटरटर. हळू ओढली की ताल हळू, पळत ओढली की डबल. हे अख्खं ताल-मशीन आहे, बिना बॅटरीचं, पोराच्या पायाच्या स्पीडवर चालणारं, अन् एका दिवसात कागद फाटणार हे ठरलेलं. रोलँडचं मशीन ज्या कारणानं नाकारलं गेलं, की हे खऱ्यासारखं वाजत नाही, ते कारण या गाडीला तर कधी लागूच नव्हतं, तिला खऱ्यासारखं वाजायचंच नव्हतं.

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील अन् म्हणतील की बरोबर, आमच्याकडे रॅप आधीपासूनच होतं, पोळ्याच्या झडत्या म्हणजे रॅप बॅटलच, खंजेरी म्हणजे बीटबॉक्स. थांबा. हे वाक्य आता इतकं स्वस्त झालंय की कुठल्याही राज्यात कुठल्याही लोककलेला चिकटवतात. हिप-हॉप ब्रॉन्क्समधल्या काळ्या अन् लॅटिनो पोरांनी, त्यांच्या जळक्या बिल्डिंगांच्या काळात, त्यांच्या कारणांसाठी उभं केलं, ते त्यांचं आहे. झडती झडती आहे. तोरणाखाली बैल उभे, एक माणूस पुढं येऊन यमक जुळवत म्हणतो, 'वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी, महादेव रडे दोन पैशासाठी, पारबतीच्या लुगड्याले छप्पन गाठी, देव कवा धावला गरिबासाठी', अन् मग 'एक नमन गौरा पारबती हर बोला', अन् अख्खं गाव, 'हर हर महादेव!' देवाच्या नावानं सुरू करून देवालाच जाब विचारायचा, अन् शेवटी त्याचाच जयजयकार, हे धाडस जुन्या शेतकऱ्याचं. याला रॅप म्हटल्यानं ते मोठं होत नाही. रॅपवाल्यानं त्यातून शिकायचं ते एवढंच की शेवटची ओळ अशी पाहिजे की समोरच्या गर्दीला गप्प बसता आलं नाही पाहिजे. कीर्तनकार सत्यपाल महाराजांना सात खंजेऱ्या एकदम वाजवताना ज्यानं ऐकलं त्याला हेही कळेल की ताल लोकांना जवळ बोलावतो, पण थांबवून ठेवतं ते बोलणं, अन् त्यांचं बोलणं हुंड्यावर असतं, दारूवर असतं, अंधश्रद्धेवर असतं. तुकडोजी महाराजांची खंजेरीही नुसत्या भजनापुरती कुठं होती.

अन् हे आमचं लहानपण गोड होतं असंही कोणी समजू नये, नाहीतर टाझोची नॉस्टॅल्जिया काढून मी नंदीची नॉस्टॅल्जिया बसवली एवढंच होईल. डोरेमॉन इकडं दिसायला लागला 2005च्या सुमारास. 2006च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले अन् आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. एकच टीव्ही, एकच ओसरी. पोरं डोरेमॉनच्या पोटातल्या खिशातून काय निघतं ते बघत होती अन् बापाच्या खिशात कृषी केंद्राची उधारीची चिठ्ठी होती. वेचणीच्या दिवसात वर्ग अर्धे रिकामे असायचे, कापूस वेचायला गेलेल्या पोरांच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी ओरखडे पडलेले, अन् त्याच बोटांनी संध्याकाळी कंचे. या पिढीचा पोट्टा लहानपणावर रॅप करणार अन् त्यात ती चिठ्ठी नसणार, तर मग ते गाणं कोणाला झोपवायला लिहिलंय? डोरेमॉनचा आवाज घ्या, जरूर घ्या, पण त्याच्या खिशाला विचारा की आमच्या घरासाठी काय काढलं होतंस.

पोळ्याचं मैदानही सगळ्यांना सारखं नव्हतं. मानाचा बैल आधी, मग त्याच्या खालचे, कोणाची जोडी तोरणाच्या मध्यात अन् कोणाची टोकाला, हे ठरलेलं, अन् कोणत्या वस्तीतल्यांच्या बैलांवरून कुठल्या गावात किती भांडणं झाली ते त्या त्या गावाला माहीत. अमरावतीचा विपिन तातड जातीवर, बाबासाहेबांवर रॅप करतो, तो ऐका, तिथं लहानपण म्हणजे गोडगोड अल्बम नाही. ज्याच्याकडं वावरच नव्हतं, म्हणून बैल नव्हता, म्हणून तोरणाखाली उभं राहायची जागा नव्हती, त्याच्या पोराचा तान्हा पोळा कसा होता हे अजून कोणी मला झडतीत सांगितलेलं नाही. ते रॅपमध्येच येणार असं मला वाटतं.

पोरींचं तर सोडूनच दिलंय सगळ्यांनी. हे नॉस्टॅल्जियावालं रॅप बघा, सगळा पोरांचा कारभार, गाड्या, फायटिंग, क्रिकेट. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडं पोरी भुलाबाई, म्हणजे पार्वतीची मूर्ती, मांडतात, गाणी म्हणतात, अन् खिरापत ओळखायला लावतात. चिंधीच्या बाहुलीशी खेळायच्या वयात त्या गाण्यातून सासू, नणंद, माहेरी जायची परवानगी हे सगळं पाठ होतं. आठ वर्षांची पोरगी टाळ्या वाजवत सासरच्या जाचाचं गाणं म्हणते अन् सगळे कौतुकानं बघतात! याच्यावर एखाद्या पोरीनं माईक हातात घेतला तर टाझोवाल्यांची बोलती बंद होईल, पण तिला माईक घेऊ देणार कोण, हा प्रश्न आहेच.

एक पैशाची गोष्ट पण बोलतो कारण त्याशिवाय हा विषय हवेत राहतो. कार्टूनची ट्यून किंवा डायलॉग उचलला की यूट्यूबची सिस्टीम तो आपोआप पकडते, व्हिडिओची कमाई मालकाकडं, नाहीतर व्हिडिओच ब्लॉक. अन् हे काही आपल्यावरच नाही. त्या डी ला सोलवर एका जुन्या बँडच्या लोकांनी केस टाकली होती, अन् सॅम्पलच्या परवानग्यांच्या घोळात त्यांचे गाजलेले अल्बम स्ट्रीमिंगवर यायला मार्च 2023 उजाडला. तिघांपैकी एक जण त्याच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारीत वारला. 'एक अनेक'सुद्धा मोकळी नाही, आपल्याकडं सिनेमाचा कॉपीराईट 60 वर्षं असतो, म्हणजे 2034 संपेपर्यंत थांबा. नंदीच्या चाकाच्या खडखडाटाला मात्र कोणी स्ट्राईक मारत नाही. पण म्हणून लोककलेवर आडवा हात मारायचा असंही नाही. गावातल्या म्हाताऱ्याची झडती मोबाईलवर रेकॉर्ड करून न्यायची, बीट लावून टाकायची, व्ह्यूज आले की आपलं नाव, अन् त्या माणसाला पत्ता नाही. कायद्यात परंपरेच्या झडतीचा कोणी मालक नसेल, पण तो आवाज त्याचा आहे, गळा त्याचा आहे. बोजारा द्यायची रीत आपल्याला आहे ना? मग त्याच्या हातावर काहीतरी ठेवा, अन् व्हिडिओखाली त्याला विचारून त्याचं नाव लिहा.

विरोध दोन्हीकडून होतो हेही खरं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये रॅप म्हटलं की बंदी, त्याच स्टेजवर सिनेमातलं कुठलंही आयटम साँग चालतं, लावणीच्या नावाखाली सहावीतल्या पोरी नाचवलेल्या चालतात, पण आठवीतल्या पोरानं स्वतः लिहिलेलं चालत नाही कारण त्यात एसटी वेळेवर येत नाही असं लिहिलंय. दुसरीकडं शहरातले रॅपवाले म्हणतात की बैल-बिल घातलं की गाणं गावठी होतं, कूल राहत नाही. दोघांनाही तेच नको आहे, पोरानं आपल्या दारातलं बोलणं.

आमच्या गावात पोळ्याच्या आधी पारावर हा विषय निघाला होता. मी म्हटलं झडत्या झाल्या की या पोट्ट्यांना थोडा वेळ द्या, अट एकच, तयार बीट नाही, आवाज आपल्या घरचा पाहिजे. कमिटीतले दोघं तर उठूनच उभे राहिले की पोळ्यात असला धिंगाणा नाही चालणार. झडत्या म्हणणारे एक आबा आहेत, ते म्हणाले, 'म्हनू द्या ना बाप्पा. पन शेवटी हर बोला म्हना लागन, अन् लोकायनं झेललं नाई तं यायची फजिती यायच्यापाशी.' तर कापूस बडवणारा तो पोट्टा म्हणाला, 'आबा, मी हर बोला नाई म्हनत, आमच्या घरी जयभीम म्हन्तेत.' आबांनी थोडा विचार केला अन् म्हणाले, 'मंग ते म्हन. झेलनारे तुले पायना लागन.' कमिटीनं अजून हो म्हटलेलं नाही, पोट्ट्याचं गाणं तयार आहे, अन् झेलणारे तो सध्या आमच्या अन् त्याच्या दोन्ही वस्त्यांत फिरून जमवतोय.